मेरलैन म्हणजे पाण्यातला किल्ला

अम्मा, मुलाचं नाव की मुलीचं, ते विचारत बसू नकोस. दोघांचंही चालतं. तिकडं हॉलंडात एकाच वर्गात एक मुलगा मेरलैन असतो आणि एक मुलगी मेरलैन असते, मास्तरला काय फरक पडत नाय. आपली मुलगी आहे. माझ्या मुलाची मुलगी, तुझी पणती. आई हॉलंडची, बाप आपला, जन्म कुवेतचा आणि नाव हे. झालं? आता ‘आपल्यात नावं संपली काय’ असं म्हणू नकोस, ते माझं म्हणून झालंय. तू काय विचारलं नायस हे मला कळतं. तू जाऊन तीस वर्षं झाली, तू काय विचारणार. पण कापड बेतताना तुझा आवाज मला येतो, आणि तो नेहमी काहीतरी विचारतच असतो, म्हणून आधीच उत्तर देऊन टाकलं.

हे मी गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीत लिहितोय. दुसरा कागद नाय. अक्षर तसंच आहे, सातवीवाल्याचं. तुझी सून जाऊन पाच वर्षं झाली, कुवेतात अबू हलीफा गावात एका खोलीत मी एकटा, खाली दुकान. अजून दिशदाशा शिवतो, इथले पुरुष घालतात तो लांब पांढरा झगा. डोळे अधू झाले तरी हाताला माहीत आहे. दुसऱ्या कुणाला हे सांगण्यासारखं नाय आणि तुला सांगून काय उपयोग नाय, म्हणून तुलाच लिहितो.

पोरगी दोन महिने आधी आली. हातात घेतली असती तर माझ्या मोठ्या कात्रीपेक्षा थोडी जड भरली असती, पण हातात कोण देतं. काचेच्या पेटीत ठेवली, नाकात नळी, पायाला दोरा बांधल्यासारखी वायर. मी काचेच्या बाहेर उभा. अजान द्यायची राहिलीच. आपल्यात मूल जन्मलं की घरातल्या मोठ्यानं उजव्या कानात अजान द्यायची आणि नाव सांगायचं, ती मुलानं दिली नाय. म्हणाला, “अब्बा, ती बाहेर आली की तुम्हीच द्या. मला तुमच्याच आवाजात पाहिजे.” असलं काही बोललं की मला कसंतरी होतं. मी म्हणलं, “बरं बरं.” कागदावर नाव आधीच घालायला लागलं होतं, कागदाशिवाय इथं काय हलत नाय. कानात मात्र गेलं नव्हतं.

चौथ्या की पाचव्या दिवशी आम्ही तिघं काचेपाशी होतो. सून खुर्चीवर, पोटाला टाके, चेहरा कागदासारखा. मुलगा म्हणाला, “अब्बा, नावाचा मीनिंग अजून तुम्हाला सांगितलाच नाय.”

“मीनिंग कशाला? आधी पोरीला श्वास घेऊ दे.”

“ऐका तरी. खूप जुनं नाव आहे. ब्रिटनच्या एका कोपऱ्यातल्या जुन्या लोकांच्या भाषेतलं. तिकडनं फ्रान्सच्या बाजूला गेलं, मग हॉलंडला आलं. प्रत्येकानं थोडं थोडं बदललं.”

“म्हणजे अल्टर केलेलं.”

तो हसला. म्हणाला, “हां, अल्टर केलेलं. पण मूळ कापड तेच. अर्थ आहे समुद्रातला किल्ला.”

सुनेनं मान वर केली. मराठी तिला थोडं कळतं. हळू म्हणाली, “सी फोर्ट, अब्बा. तुमच्या गावात आहे ना? आणि तुमचे बाबा जहाजावर. हे त्यांच्यासाठी. फॉर हिम.”

दोघं माझ्याकडं बघत होते, मी आता खूश होणार म्हणून.

आता तुला जे माहीत आहे तेच मी तुला सांगणार आहे, कारण तू कधी ते बोलली नायस आणि तू बोलली नायस म्हणून मीही नाय. आपलं दार पश्चिमेला होतं. दारातनं पाण्यातला किल्ला दिसायचा. आळीतल्या सगळ्या बाया चुलीपाशी बसल्या तरी एक डोळा दारातनं बाहेर. किल्ल्याच्या बाजूनं शीड आलं की तवा चुलीवर चढवायचा, मचवा धक्क्याला लागून माणूस वर येईपर्यंत भाकरी गरम. बाबा म्हणायचे, किल्ला मागं पडला की ते पाण्यावरनं धूर ओळखायचे, हा आपल्या घरचा. त्यांचं एवढं एकच बोलणं मला आठवतं, अम्मा. आठ वर्षांचा होतो मी. बाकी सगळं गेलं. आवाज गेला, तोंड गेलं. फोटो नव्हताच.

त्या दिवशी शीड दिसलं. तू तवा ठेवलास. तांदळाच्या तीन भाकऱ्या थापल्यास. मी तिथंच नारळाच्या शेंड्या सोलतोय, तू मला ‘ताटं घे’ म्हणतेस, मी ताटं घेतो. आणि वर येतात ते दुसऱ्याच मचव्यातले चौघं. दारात उभे राहतात, टोप्या हातात. एकजण म्हणतो, “भाभी, किल्ल्याच्या पलीकडं.” एवढंच. तू तव्यावरची भाकरी उलटलीस. ती शेकून घेतलीस. मग त्या चौघांना बसवून जेवायला घातलंस, आणि ते नको नको म्हणत जेवले. आज मी त्या चौघांच्या वयाच्या पुढं गेलोय आणि अजून मला कळत नाय त्यांनी तो घास गिळला कसा.

पुढच्या शुक्रवारच्या आत तू पश्चिमेचं दार बुजवलंस. सुतार नाय बोलावलास, दगड-माती आणून स्वतः बुजवलंस आणि मागच्या बाजूला, डोंगराकडं, वाट काढलीस. घरात समुद्र म्हणायचं नाय, दर्या म्हणायचं नाय, किल्ला तर नायच. मासळी बंद. कोकणातल्या मुसलमानाच्या घरात मासळी बंद, लोक हसायचे. एकदा मी पोरांबरोबर खाली पाण्यात उतरलो आणि ओल्या चड्डीनं घरी आलो, तेव्हा तू पळीनं मारलंस, पळीचा दांडा वाकेपर्यंत. म्हणालीस, “ज्यानं त्याला नेला त्याचं पाणी माझ्या घरात आणतोस?” त्याला म्हणालीस. नाव तू आधीही घेत नव्हतीस, बायको नवऱ्याचं नाव कुठं घेते. पण मग दुसरंही कुणी घेईना. सातवीतनं काढून मला शिंप्याकडं बसवलंस, का, तर मशीन जमिनीवर असते. मास्तर घरी आले होते, पोरगा हुशार आहे म्हणाले. तू त्यांना चहा दिलास आणि म्हणालीस, “हुशार पोरं बोटीवर जातात.”

मी तुला इकडनं चाळीस पत्रं तरी लिहिली असतील. सगळ्या पत्रांत वाळू. इथं नुसती वाळू आहे अम्मा, लांबवर वाळू, उंट आहेत. पहिल्या वर्षी जहरा नावाच्या गावात होतो तेव्हा ते खरं होतं. मग अबू हलीफाला आलो, रस्ता ओलांडला की पाणी. खिडकीतनं दिसतं. तुला मी वाळूच लिहीत राहिलो.

तर त्या काचेपाशी मी मुलाला म्हणलं, “नाव बदल.”

“काय?”

“बदल म्हणलं ना. दुसरं ठेव. हजार नावं आहेत.”

“अब्बा, पेपर झालेत. का पण?”

“मी सांगतो म्हणून.”

“हे काय कारण झालं? दिशदाशा आहे काय, उसवा आणि परत शिवा?”

सून एकदा त्याच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. म्हणाली, “अब्बाला नाव फॉरेन वाटतं?” मी म्हणलं, फॉरेन नाय, काय नाय. मग तिनंच मला वाट काढून दिली बिचारीनं, की इंग्रजीत ह्याच नावाचा एक छोटा ससाणा पण आहे, इथले लोक पाळतात तसला, तर लोकांना आपण पक्ष्याचं नाव सांगू. मी म्हणलं, “लोकांना काय पण सांगा. तिच्या अंगावर ते नको. बघताय ना कशी आहे ती.” हे म्हणायला नको होतं. सुनेनं काचेवर हात ठेवला आणि रडायला लागली, आवाज न करता. मुलगा माझ्याजवळ आला. दात आवळून म्हणाला, “तुमच्या बाबांबद्दल मी लहानपणापासून विचारतोय. जहाजावर होते, संपलं. कसे होते, काय बोलायचे, कसे गेले, काय नाय. आम्ही त्यांच्यासाठी काहीतरी करतोय तर तेही नको. तुम्हाला पाहिजे तरी काय?”

मी बस पकडली आणि घरी आलो.

भीती होती, अम्मा, दुसरं काय. मला गंडेताविजाचा तिटकारा आहे, तुला माहीत आहे. पण पोरगी श्वासासाठी झगडतेय आणि तिच्या नावात ते पाणी, हे मला सहन होईना. मला तुझा हात दिसायचा, दगड रचणारा. नऊ दिवस मी दवाखान्यात गेलो नाय. फोन घेतला नाय. मधे इकाम्याच्या, म्हणजे इथं राहायच्या परवान्याच्या, कामाला ऑफिसात जावं लागलं. तिथं खिडकीतला माणूस कागद बघून पूर्ण नाव ओरडतो, माझं नाव, लगेच बाबांचं, मग आडनाव. चाळीस वर्षं मी बाबांचं नाव फक्त तिथं ऐकलंय, परक्या माणसाच्या तोंडून, ते पण ओरडून. त्या दिवशी खुर्चीवर बसून मी हिशोब लावला. माझ्या कार्डावर बाबांचं नाव. मुलाच्या कार्डावर माझं. पोरीच्या कार्डावर मुलाचं. म्हणजे माझं कार्ड बंद झालं की बाबा संपले. खिडकीतल्यानं तीनदा ओरडल्यावर मी उठलो.

दहाव्या दिवशी सून दुकानात आली. एकटी. सालमियाच्या त्यांच्या घरून टॅक्सी करून, टाके ओले असताना. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली आणि पर्समधनं एक चिठ्ठी काढली. छाती, बाही, लांबी. नर्सकडनं मापं लिहून आणलेली. म्हणाली, “अब्बा, एवढं छोटं कुठं मिळत नाय. सगळं मोठं होतं. तिला कपडा पाहिजे. आता घालायला परवानगी आहे.”

“बरी आहे?”

“काल नळी काढली. स्वतः श्वास घेते.”

मी मापं वाचली. एवढी मापं मी जन्मात कापली नव्हती. मऊ मलमलीचा तुकडा होता तो काढला, धुवून ठेवलेला. बाजूला दोन कळ्या, पुढं बांधायचे बंद, टोचणार नाय असा. मशीनवर बसलो. आणि मशीन चालू झाल्यावर मी बोललो. चालू होती म्हणून बोललो, बंद असती तर जमलं नसतं. हिंदीत, थोडं मराठीत, मधे कुठला इंग्रजी शब्द सापडला तर तो. तिला कामावर आपली माणसं असतात, हिंदी बरंच कळतं. शीड, तवा, तीन भाकऱ्या, चार माणसं, दार. मान खाली होती, टिपेवर नजर. पाच मिनिटांचा कपडा, मी अर्धा तास शिवला.

ती ‘सॉरी’ म्हणाली नाय. ‘मला माहीत नव्हतं’ म्हणाली नाय. तिनं विचारलं, “कुठे?”

“किल्ल्याच्या पलीकडं.”

“किती पलीकडं? कुठल्या बाजूला?”

मला राग आला. म्हणलं, “ते काय मोजून ठेवलंय कुणी?”

ती म्हणाली, “अब्बा, बदलू या का नाव? मी बोलते त्याच्याशी. खरंच. मला चालेल.”

मी कपडा हातात घेतला, दोरा दातानं तोडला. तळहातावर मावत होता. तुझ्याशी खोटं बोलणार नाय, ‘हो, बदला’ हे तोंडापर्यंत आलं होतं. पण मग मला एकदम तुझा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा. तू दार बुजवलंस ते दर्या आत येऊ नये म्हणून, पण आतला माणूसही तू बाहेर ठेवलास. पाण्यानं त्याला एकदा बुडवलं आणि तू रोज. माझ्या मुलानं ‘कसे होते’ विचारलं तर माझ्याकडं धुराची एक गोष्ट, तीही मी त्याला सांगितली नाय. आणि आता मी ह्या पोरीच्या जन्माच्या पंधराव्या दिवशी परत दगड-माती कालवायला बसणार. मी तिला म्हणलं, “राहू दे. नाव राहू दे. फक्त त्याला तू सांग हे सगळं. मला दुसऱ्यांदा जमणार नाय.”

तिनं सांगितलं. मुलगा दुसऱ्या दिवशी आला, दुकानात उभा राहिला. मला वाटलं गळ्यात पडतो की काय. नाय पडला. म्हणाला, “चाळीस वर्षांचा होत आलो मी. मला का नाय सांगितलंत, हे मला कळत नाय. तिला सांगितलंत.” मी म्हणलं, मशीन चालू होती. त्याला ते उत्तर वाटलं नाय. बरोबर आहे, ते उत्तर नव्हतंच. तेव्हापासून तो येतो, औषधं आणून देतो, सगळं करतो, पण आमच्यात काहीतरी उसवलेलं आहे आणि ते माझ्या हातचं काम नाय.

पोरगी पाचव्या आठवड्यात घरी आली. सालमियाच्या त्यांच्या फ्लॅटवर मी गेलो, कुणाला बोलावलं नव्हतं, मिठाई नाय, काय नाय. मीच सांगितलं होतं, गर्दी नको. ती त्या मलमलीच्या कपड्यात होती आणि तो तिला अजून ढगळ होत होता. मी हातपाय-तोंड धुवून, वजू करून आलो, तिला डाव्या हातावर घेतली, उजव्या कानाशी वाकलो. अजान दिली. आवाज बरा लागला. मग नावाची वेळ आली. आणि तुला सांगतो, मी आधी बाबांचं नाव घेतलं. त्यांचं नाव, खिडकीतला माणूस ओरडतो ते, मी हळू घेतलं. माझ्या तोंडून ते कधी निघालं होतं मला आठवत नाय. मग तिचं घेतलं. मेरलैन. दोन्ही तिनं ऐकली, डोळे मिटूनच. मुलाला वाटलं मी काहीतरी दुआ पढलो. मी त्याला सांगितलेलं नाय.

परवा तिघं हॉलंडला गेले. कायमचे. तिच्या छातीचे डॉक्टर तिकडं चांगले, थंडी आहे पण डॉक्टर चांगले. मला चला म्हणाले. मी म्हणलं, तिकडं दिशदाशा कोण घालतो.

जायच्या आदल्या दुपारी सुनेनं मला तिच्या कॉम्प्युटरपाशी बसवलं. तिचं काम तुला सांगायचं राहिलं. इथं बंदरासाठी समुद्राचा गाळ उपसतात, त्या कंपनीत ती पाण्याची खोली मोजायची. तिनं आपल्या गावच्या किनाऱ्याचा नकाशा काढला होता. आपला किल्ला. किल्ल्याच्या पलीकडं सगळीकडं खोलीचे बारीक आकडे, मुंग्यांसारखे. म्हणाली, “अब्बा, नक्की जागा नाय कळणार. पण मचवे किल्ल्याला वळसा घालून ह्याच वाटेनं यायचे. इथं कुठंतरी.” आणि एका आकड्यावर बोट ठेवलं. मला वाटायचं तिथं तळच नाय. लहानपणापासून मी त्यांना नुसतं खाली खाली जाताना बघत होतो, अजून पोचले नायत असं. तर तळ आहे, अम्मा. वाळू आहे, म्हणाली ती. मी विचारलं, म्हणजे किती? तिनं मला समजेल असं सांगितलं, कशाएवढं ते. मी परत विचारलं, तिनं परत तेच सांगितलं. एवढंसंच.

ह्याबद्दल तू जन्मभर गप्प होतीस आणि आता विचारतेयस, ऐकू येतंय मला. किती खोल, किती खोल. मी सांगणार नाय. ज्या घरात विचारायची सोय नव्हती त्या घरातल्या माणसाला मी ते सांगणार नाय. तळ आहे एवढं पुरे तुला. यापुढं ह्या विषयावर माझ्याकडनं एक शब्द मिळणार नाय.